डाळिंबी की जांभळी

मंगळवार. रात्रीचे पावणेबारा, लाईट दोनदा जाऊन आली.

"ह्यो रंग नव्हता रे तिचा." काकू एवढंच म्हणाली, मोबाईल माझ्या हातात ठेवला आणि परातीकडे वळली. भाकरी थापताना परत वर बघितलंसुद्धा नाही.

चार रात्री घातल्या मंडपातल्या आक्काच्या त्या एका फोटोवर. साडीच्या काठातला एकेक मोर सुटा दिसतो. आक्काचा चेहरा गोरा न करता मंडपाच्या सावलीतून वर काढलाय. (आपल्याकडच्या अल्बमांत सगळ्या नवऱ्या पिठात बुडवून काढल्यासारख्या का दिसतात, यावर एकदा लिहायचंय.) पण ते कुणाला दिसलं नाही. लगेच दादाच्या मोबाईलमधला फोटो पुढे आला, "ह्यो बग, ह्यो चांगला दिसायलाय." त्यात साडी टोमॅटो सॉसची होती. त्याला मात्र कुणी रंग विचारला नाही.

ह्यो रंग नव्हता. मग कोणता होता? मला का आठवत नाही? फोटो मीच काढलाय, आक्कापासून तीन हातांवर उभा राहून.

रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत, तसा रंग नसतोच. सेन्सरवरच्या दर चार ठिपक्यांत दोघांवर हिरवा फिल्टर, एकावर लाल, एकावर निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायरला १९७६ साली या मांडणीचं पेटंट मिळालं, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत अजून तीच चालते. म्हणजे माझ्या २४ मेगापिक्सेलमधले ६० लाख ठिपकेच लाल बघतात. बाकीच्या जागांचा लाल शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचा, त्याला डिमोझेक म्हणतात. लाल रेशमावर बारीक जर असली की कडेला जाळी जाळी दिसते ती त्यामुळेच. फाइलमध्ये नोंद असते ती फक्त कुठल्या ठिपक्यावर किती उजेड पडला याची. १४ बिटची फाइल, आकडा ० ते १६३८३. साडी डाळिंबी होती की जांभळी हे त्या फाइललाही माहीत नाही, मलाही नाही. छान जोडी जमली.

साडी समोर ठेवून ताडून बघता आलं असतं. पण ती आता कुणाकडे आहे हे घरात विचारायचं नाही. ते जाऊ दे.

आज डार्कटेबलमध्ये (रॉ फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) डावीकडची हिस्टरी उघडली आणि एकेक पायरी खाली उतरत गेलो. मूळ एनईएफला, म्हणजे रॉ फाइलला, धक्का लागत नाही, केलेलं सगळं शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये राहतं, त्यामुळे कितीही मागे गेलं तरी भीती नाही. (एकदा पेनड्राइव्हवर नुसत्या एनईएफ नेल्या, एक्सएमपी घरीच राहिल्या, आणि तिकडे सगळं काम कोरं. असो.)

एक्स्पोजर ठीक होतं. डार्कटेबल स्वतःच ०.७ ईव्ही (उजेडाचं माप) चढवतं, वर मी ०.४ दिला. चेहऱ्याकडे बघून ठरवायचं, उजळ भागाचं पुढे सिग्मॉइड नावाची पायरी सांभाळून घेते. जरीचा काठ काही ठिकाणी गुलाबी पडला होता, तोही दोष साडीचा नाही. झगझगत्या जागी हिरवे ठिपके सगळ्यांत आधी भरतात आणि तिथेच अडकतात. मग व्हाइट बॅलन्स, पांढरं पांढरं दिसावं म्हणून, लाल-निळ्याला गुणून वर नेतो, हिरवा मागे राहतो, आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो. असे भरून गेलेले भाग सावरणाऱ्या हायलाइट रिकन्स्ट्रक्शनमधला उंबरठा १ वरून ०.९६ वर आणला आणि काठ पुन्हा जरीचा झाला.

घोळ त्याच्या पुढच्या पायरीवर, कलर कॅलिब्रेशनमध्ये. तिथला नियम मला पाठ आहे: व्हाइट बॅलन्सला हात लावायचा नाही, तो कॅमेरा रेफरन्सवर (कॅमेऱ्याच्या ठरावीक आकड्यांवर) राहू द्यायचा, उजेडाचा सगळा हिशेब कलर कॅलिब्रेशनकडे. दोन्हीकडे फिरवलं तर रंग दोनदा सरकतो. नियम पाळला. पण पांढरं म्हणून धरलं काय, तर मामांची टोपी.

टोपी पांढरी नसते. एक तर नीळ घातलेली, शिवाय धुण्याच्या पावडरीत चमक आणणारं द्रव्य असतं, ते डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. आपल्याला ती शुभ्र दिसते, कॅमेऱ्याला निळसर. मी सांगितलं ही टोपी पांढरी धर, सॉफ्टवेअरने आज्ञाधारकपणे सगळ्या फोटोतला निळा कमी केला, आणि अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ झाली. मग स्टीलचं ताट धरून बघितलं, तर त्यात मंडपाचं कापडच उमटलेलं. करड्या रंगाचं कार्ड बॅगेच्या मागच्या कप्प्यात होतं. त्याच उजेडात त्याची एक फ्रेम घेतली असती तर हे सगळं टळलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण कार्ड काढलं की कुणीतरी विचारतं, हे काय, आणि मला लाज वाटते.

तर कावीळ घालवायला मी हातानेच रंग थंड करत गेलो. डावीकडून मंडपाचं भगवं कापड चेहऱ्यावर उतरलेलं, ते जाईपर्यंत. तोवर उजवी बाजू निळी पडली, कारण तिकडून मोकळ्या आभाळाचा उजेड होता. एका फोटोत दोन उजेड, एका आकड्यात बसत नाहीत. त्याला कलर कॅलिब्रेशनची दोन इन्स्टन्स, म्हणजे एकाच पायरीच्या दोन प्रती, लागतात: पहिल्यावर डाव्या बाजूचा हाताने काढलेला मास्क (बदल तेवढ्याच भागावर लागावा म्हणून), कड चांगली मऊ, दुसऱ्यावर तोच मास्क उसना, रास्टर मास्क म्हणून घेऊन उलटा करायचा. उलटा करायचं विसरलं की एकाच जागेवर दोन्ही लागतात. हे मला जमलं, पहिल्या फटक्यात. खूश होतो.

तरीही निऱ्यांत एक छटा आणि पदरावर दुसरी. मिश्र उजेडाचंच उरलंसुरलं असणार म्हणून तिसरं इन्स्टन्स घातलं, ह्यूवर, म्हणजे रंगछटेवरून भाग निवडणारा पॅरामेट्रिक मास्क लावून फक्त साडी पकडली आणि पदर निऱ्यांशी जुळवत बसलो. दोन रात्री याच्यातच गेल्या. साडी शेवटी एकसारखी, एकरंगी, जांभळी झाली. त्यावरच काकू म्हणाली.

ह्यो रंग नव्हता.

दोष पडद्यावर ढकलून बघितला. माझ्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी (रंग किती दाखवतो याचं जुनं माप) लिहिलंय, म्हणजे एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यातलेसुद्धा जेमतेम दोन-तृतीयांश रंग दाखवणारा पडदा. डाळिंबाच्या दाण्याचा तो खोल लाल त्याच्याबाहेर पडला असेल. आणि काकूने बघितलं मोबाईलवर, तिथे सगळे रंग भडक करणारा मोड चालू. म्हणजे दोघांनी दोन वेगळ्याच साड्या बघितल्या. युक्तिवाद चांगला आहे, पण डाळिंबीचं जांभळं पडद्याने होत नाही.

आठवत का नाही, तेही कळलं, आणि ते जास्त लागलं. मला आठवतो तो कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावरचा रंग. तो रॉचा नसतोच, कॅमेऱ्याने आपल्या चवीने तिखट-मीठ लावलेला आतला जेपेग असतो. आक्का समोर उभी होती आणि मी तिला मान खाली घालून बघत होतो.

इतकं कुणासाठी करायचं? उद्या ही फाइल व्हॉट्सअॅपवर जाणार, तिथे ती पिळून निघणार, आणि खाली चार लोक फुलं टाकणार. दादा एक बटण दाबून मोकळा.

जेवणं झाल्यावर काकू ओसरीत आली. "अजून त्याच्याच मागं हाईस व्हय?" म्हटलं, मग तूच सांग कोणता रंग. तर म्हणाली, "एक आसतोय का? धूपछाव हाय ती. गुलमंडीत घेतली तवा दुकानातल्या ट्यूबखाली मी बघितलीच न्हाई. बाहीर उन्हात न्हेली, आशी धरली तर जांभळी, तशी धरली तर डाळिंबी. तू सगळी जांभळी करून ठिवलास."

उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. ज्या बाजूने बघाल तो धागा वर येतो. निऱ्यांत एक, पदरावर दुसरा. कॅमेऱ्याने दोन्ही नीट टिपले होते. मी त्याला उजेडाचा डाग समजून दोन रात्री घासून घासून काढला.

हसूच आलं. काकूला वाटलं मी तिलाच हसतोय.

तिसरं इन्स्टन्स बंद केलं. एक क्लिक. पदर जागा झाला, पण पुरता डाळिंबी नाही, कारण टोपीपासूनची चूक खाली अजून तशीच आहे, आणि ती अंदाजाने निस्तरायची हिंमत आज नाही. कंट्रोल-बी दाबून रंग ताडायच्या करड्या चौकटीत बघितलं, तरी थोडा निळसरच. मागची एक्सएमपी मोडली नाही, डुप्लिकेट करून दुसरी उघडली. सगळी जांभळी साडी तिकडे राहू दे, लाज म्हणून.

काकू म्हणते, ब्लाउजपीसचा उरलेला तुकडा तिच्या पेटीत आहे. सकाळी काढणार आहे. फोटो अकराच्या सुमाराचा होता, म्हणून उद्या अकरालाच अंगणात, सावलीत, मोकळ्या आभाळाच्या बाजूला, तुकडा एकदा उभा धरून आणि एकदा आडवा धरून, शेजारी कार्ड. कुणी विचारलं तर विचारू दे. टोपी नाही.