फ्रेंच एकोलमध्ये एक्स्चेंजला जाताना

एक्स्चेंजवर फ्रान्सला निघालेल्या विद्यार्थ्यांना मिळणारा बहुतेक सल्ला विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांच्या बेताचा असतो. अभियांत्रिकीचा विद्यार्थी मात्र बहुधा ‘एकोल’मध्ये, म्हणजे अभियंते घडवणाऱ्या वेगळ्या उच्चशिक्षण संस्थेत, जातो आणि एकोलचा कारभार विद्यापीठापेक्षा पुष्कळ निराळा असतो. पालेझोमधील एकोल पोलिटेक्निक १७९४ सालची, लियोंला लागून असलेल्या व्हिलर्बानमधील इन्सा १९५७ सालची, सॅकलेच्या पठारावरची सांत्रालसुपेलेक तर २०१५ मध्ये दोन जुन्या शाळांच्या विलीनीकरणातून आजच्या रूपात आलेली. वय आणि प्रतिष्ठा वेगवेगळी असली तरी घडण बरीचशी सारखी आहे : प्रवेश मोजका, वेळापत्रक वरून ठरलेले आणि अभियंत्याची पदवी देण्याचा अधिकार सी.टी.आय. या १९३४ पासून चालत आलेल्या आयोगाच्या तपासणीवर अवलंबून. ही घडण आधी समजून घेतली, तर तिथे गेल्यावर येणाऱ्या बऱ्याच अडचणींची कारणे कळतात आणि काहींची सोय निघण्यापूर्वीच लावता येते.

पहिला मुद्दा वर्गमित्रांचा. एकोलमधील पुष्कळ विद्यार्थी बारावीसमान परीक्षेनंतर दोन वर्षे ‘प्रेपा’ नावाच्या पूर्वतयारीच्या वर्गांत घासून, स्पर्धापरीक्षा देऊन आलेले असतात. (इन्सासारख्या शाळा शालेय शिक्षणानंतर थेट पाच वर्षांसाठी प्रवेश देतात, त्यांची पहिली दोन वर्षे त्याच शाळेत होतात.) त्यामुळे प्राध्यापक सिद्धता फळ्यावर भराभर मांडतात आणि वर्गाला त्याचे काहीच वाटत नाही. तुमचे गणित कच्चे आहे असा याचा अर्थ नसतो. बहुतेक वेळा अडते ते लिहिण्याच्या पद्धतीवर. खुला अंतराल तिथे ]०, १[ असा उलट्या कंसांत लिहितात, सदिशांच्या फुलीगुणाकाराला ∧ हे चिन्ह वापरतात, दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात आणि नैसर्गिक संख्यांत शून्य धरतात. प्रयोगशाळेतला कीबोर्डही आपल्या ओळखीचा नसतो. त्यावर अंक उमटवायला शिफ्ट दाबावी लागते, आणि कोड लिहिताना लागणारे चौकोनी व महिरपी कंस उजवीकडचे ऑल्ट-जीआर दाबून अंकांच्या ओळीतून काढावे लागतात. वेळ लावून घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिकात ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. आपल्या लॅपटॉपवर तीच मांडणी निवडून दोनचार दिवस सराव करून जाणे चांगले.

विषय निवडताना सर्वांत अधिक गोंधळ होतो तो वर्षांच्या क्रमांकांमुळे. प्रेपानंतरच्या तीन वर्षांना सांत्रालसारख्या शाळांत १ए, २ए, ३ए म्हणतात. इन्सात तीच वर्षे ३ए, ४ए, ५ए या नावाने चालतात. म्हणजे एका शाळेतली ३ए ही पदवीची अखेरची पायरी, तर दुसऱ्या शाळेतली ३ए ही अभियांत्रिकीची पहिली. अर्ज भरताना क्रमांकाकडे न पाहता विषयाची पूर्वअट आणि तो कितव्या सेमिस्टरला शिकवला जातो हे पाहावे. अखेरच्या वर्षाचे वर्ग साधारण सप्टेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी एवढेच असतात, कारण त्यानंतर सगळी तुकडी पदवीअखेरच्या इंटर्नशिपसाठी कंपन्यांत आणि प्रयोगशाळांत पांगते. विशेषीकरणाच्या प्रगत विषयांवर डोळा ठेवून वसंत सेमिस्टरला जाणाऱ्याला ते विषय त्या काळात मिळत नाहीत. ज्याला तेच हवे आहेत, त्याने आपल्या विद्यापीठाशी बोलून शरद सेमिस्टर मागून घ्यावे. हा निर्णय वर्षभर आधी होतो, म्हणून हे इतक्या ठासून लिहीत आहे.

दोन वेगळ्या विभागांतले किंवा दोन वेगळ्या वर्षांतले आवडीचे विषय एकत्र करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण वेळापत्रक तुकडीप्रमाणे आखलेले असल्याने असे विषय हमखास एकाच वेळी येतात. एका विभागाचे, एका वर्षाचे विषय हा पाया धरावा आणि बाहेरचा एखादाच विषय जोडावा. दुसरे असे, की क्रेडिट बहुधा सुट्या विषयाला मिळत नाहीत, ‘यूई’ नावाच्या विषयगटाला मिळतात. एका सेमिस्टरला ३० ई.सी.टी.एस. (युरोपभर चालणारे क्रेडिट) हा मान आहे, आणि गटातला अर्धाच भाग घेतल्यास त्याचे क्रेडिट मिळतील का, हे लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे दोन्ही संस्थांशी ठरलेल्या विषयांच्या करारावर, सही होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. कोंपिएन्य, त्रॉय आणि बेल्फोर-मोंबेल्यार इथली तंत्रविद्यापीठे मात्र या नियमाला अपवाद आहेत. तिथे प्रत्येक विद्यार्थी आपला अभ्यासक्रम विषयाविषयाने स्वतः जुळवतो, त्यामुळे निवडीचे स्वातंत्र्य महत्त्वाचे वाटणाऱ्या एक्स्चेंज विद्यार्थ्याला मी त्या शाळा आधी सुचवतो, जरी त्यांच्या नावांचा दबदबा आपल्याकडे कमी असला तरी.

शिकवणे तीन प्रकारांत विभागलेले असते : मोठ्या सभागृहातले व्याख्यान, लहान गटात उदाहरणे सोडवण्याचा टीडी आणि प्रयोगशाळेतला टीपी. व्याख्यानाला हजेरी घेतली जाईलच असे नाही. टीडी-टीपीला ती बहुधा घेतली जाते आणि सबळ कारणाशिवाय टीपी चुकवणे गुणांना महागात पडते. गुण २० पैकी असतात. १० ला उत्तीर्ण, १४ म्हणजे चांगले, १६ म्हणजे उत्तम, आणि २० कोणाला सहसा मिळतच नाहीत. तुमच्या विद्यापीठाने १२ गुणांचे साठ टक्के असे सरळ गणित केले तर नुकसान तुमचे होते, म्हणून गुणांच्या रूपांतराची पद्धत आणि शक्य असल्यास तुकडीतला तुमचा क्रम, दोन्ही कागदावर मागावे. नापास विषयाची फेरपरीक्षा असते, पण ती पुष्कळदा तुम्ही परतल्यानंतर येते. परतीचे तिकीट काढण्यापूर्वी तिची तारीख विचारावी.

भाषेबद्दल थोडक्यात. विषय इंग्रजीत असला तरी चार जणांच्या प्रकल्पगटातली चर्चा, निरोप आणि विनोद फ्रेंचमध्येच चालतात. परकीयांसाठीचा फ्रेंचचा वर्ग घ्यावा, आणि कार्यालयात किंवा दुकानात शिरताना कामाचे बोलण्याआधी ‘बोंजूर’ म्हणावे. तेवढ्यावर समोरच्याचा सूर बदलतो.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण खरी दमछाक तिथे होते. प्रत्येक कागद दुसऱ्या कागदावर अवलंबून असतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. व्हिसावर ‘व्ही.एल.एस.-टी.एस.’ (निवास परवान्याचेही काम करणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा) असे लिहिलेले असेल, तर फ्रान्समध्ये पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो सरकारी संकेतस्थळावर शुल्क भरून वैध करून घ्यावा लागतो. एका सेमिस्टरसाठी कधीकधी मिळणाऱ्या ‘व्ही.एल.एस.-टी.’ला हे करावे लागत नाही. वैध करण्यासाठी तिथला पत्ता हवा. बँक खात्यासाठीही पत्त्याचा पुरावा हवा, आणि घरमालकाला खात्याचे ‘रिब’ म्हणजे आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) असलेले तपशीलपत्रक हवे. हे चक्र फोडायचा सोपा मार्ग म्हणजे पहिल्या सेमिस्टरला क्रूस या विद्यार्थीसेवेच्या सरकारी संस्थेच्या किंवा एकोलच्या वसतिगृहात खोली घेणे, कारण तिथून राहत असल्याचा दाखला लगेच मिळतो. खोलीचा किल्ली-दिवस ठरवतानाच घराचा विमा ऑनलाइन काढून ठेवावा. विम्याचा दाखला दाखवल्याशिवाय किल्ली देत नाहीत. त्याच विम्यात नागरी दायित्व, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे झालेले नुकसान, असेल याची खात्री करावी, कारण तोच कागद एकोलचे कार्यालयही मागते.

खासगी घर घेणाऱ्याला जामीनदार लागतो आणि तो फ्रान्समध्ये कमावणारा असावा अशी मालकांची अपेक्षा असते. परदेशी विद्यार्थ्याकडे असा माणूस कुठून असणार? यावर व्हिझाल ही सरकारमान्य मोफत हमी हा उपाय आहे. तीस वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्याने करारावर सही करण्यापूर्वी तिचे प्रमाणपत्र काढावे. एक ते दहा महिन्यांसाठीच्या ‘बाय मोबिलिते’ करारात अनामत रक्कम घेण्यास कायद्याने बंदी आहे, आणि सुसज्ज घराच्या नेहमीच्या करारात ती जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढी असते. घर ताब्यात घेताना होणारी ‘एता दे लिय’ ही घराच्या स्थितीची नोंद कधीही घाईत उरकू नये. भिंतीतले खिळ्याचे भोक, गादीवरचा डाग, बेसिनच्या कडेची चीर, न लागणारी खिडकीची कडी, सगळे त्यात लिहून घ्यावे, फोटो काढावेत आणि त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवावेत.

आरोग्यविम्यासाठी ‘अमेली’ या सरकारी आरोग्यविम्याच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी, ती मोफत आहे. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशाचा दाखला, रिब आणि आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला लागतो. बहुतेकांचे घोडे अडते ते या शेवटच्या कागदावर, तेव्हा तो आणि त्याचे प्रमाणित भाषांतर आधीच हाताशी असू द्यावे. आधी तात्पुरता क्रमांक मिळतो, कायमचा क्रमांक यायला काही महिने जाऊ शकतात, म्हणून पहिल्या काही महिन्यांसाठी प्रवासविमा ठेवावा. डॉक्टरांच्या ठरावीक शुल्कातला साधारण ७० टक्के भाग परत मिळतो. सी.व्ही.ई.सी. हे विद्यार्थीजीवनाचे वार्षिक शुल्क करारान्वये एक्स्चेंजला आलेल्यांना लागू नाही. दुहेरी पदवीसाठी आलेल्यांना ते भरावे लागते. दोन्हींना सरसकट एकच ईमेल जातो, तेव्हा भरण्यापूर्वी विचारावे. घरभाड्याच्या सरकारी मदतीचे नियम बदलत असतात. मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत ती रक्कम अंदाजपत्रकात धरू नये. दुपारचे जेवण क्रूसच्या अनुदानित भोजनालयात घ्यावे, शाकाहारी ताट सहसा मिळते.

एकोलमधला सामाजिक व्यवहार बी.डी.ई. या विद्यार्थी मंडळाभोवती फिरतो. क्लबांची निवड सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांतच होऊन जाते, आणि गुरुवारची दुपार अनेक शाळांत खेळांसाठी मोकळी ठेवलेली असते, तेव्हा निदान एका खेळाच्या चमूत नाव घालावे. वसतिगृहातल्या परदेशी मुलांच्या घोळक्यातून बाहेर पडायचा त्याहून सोपा रस्ता मला माहीत नाही. नवागतांच्या सहलीला जरूर जावे, पण अपमानास्पद काही करायला लावले तर नकार द्यावा. तिथे रॅगिंग १९९८ पासून कायद्याने गुन्हा आहे.

परतण्याची तयारी महिनाभर आधी सुरू करावी लागते. सुसज्ज घर सोडण्याची सूचना एक महिना आधी, पोच असलेल्या रजिस्टर पत्राने द्यायची असते. अनामत परत करायला मालकाला, घराच्या स्थितीत फरक नसेल तर एक महिना आणि असेल तर दोन महिने मिळतात, म्हणून ती जमा होईपर्यंत फ्रेंच बँक खाते बंद करू नये. गुणपत्रक सेमिस्टर संपताच मिळत नाही. प्राध्यापकांच्या ‘झुरी’ची बैठक होऊन क्रेडिटवर शिक्कामोर्तब झाल्यावरच ते निघते. ती बैठक कधी आहे हे आंतरराष्ट्रीय विभागाला विचारून तारीख आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला लेखी कळवावी, आणि एकोलचा ईमेल पत्ता बंद होण्यापूर्वी आपला खासगी पत्ता त्यांच्याकडे नोंदवून ठेवावा.