तुम्ही विचारलंत म्हणून: पाळकपण का सोडलंत?

लग्नात भेटा, मयतीला भेटा, प्रश्न ठरलेला: "सलाम साहेब! चांगलं चाललं होतं की, सोडलंत का?"

चाललं होतं खरंच. अठरा वर्षं चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू होतो, त्यातली शेवटची सहा नाशिकमध्ये. रविवारी बाकं भरलेली असायची, अर्पणाचा हिशोब चोख, नाताळचा मांडव दरवर्षी थोडा मोठा. भांडणंही होती म्हणा. पाळकांच्या बंगल्याला कुठला रंग द्यायचा यावर कमिटी तीन बैठका बसली होती.

मग एका पावसाळ्यात रात्री अडीचला फोन. आमचे खजिनदार. "आईचं शेवटचं चाललंय, साहेब. प्रार्थनेला या." स्कूटर काढली, भिजत दवाखान्यात पोचलो, तोवर म्हातारी गेली होती. मी विचारलं, "तुम्ही केलीत ना प्रार्थना?" तर म्हणाले, "मला कुठं येते साहेब? म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

या माणसाने माझे तीनशेच्या वर उपदेश ऐकले होते. पहिल्या बाकावर बसून. आईच्या उशाशी दोन वाक्यं बोलायला त्याला माझी वाट बघावी लागली. त्याची चूक नव्हती. प्रार्थना पाळकाने करायची, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली येशूची आज्ञा मी कितीदा वाचून दाखवली असेल. तिथे 'शिष्य करा' असं आहे, 'सभासद वाढवा' असं नाही. आणि मार्क म्हणतो की येशूने बारा जण नेमले ते आधी आपल्याबरोबर असावेत म्हणून, पाठवणं नंतर. बरोबर असणं! माझ्याबरोबर कोण होतं? सेक्रेटरी, बैठकांपुरता.

म्हणून पाळकपण सोडलं आणि चार माणसांबरोबर बसायला लागलो. कुणी म्हणतं, हे बाहेरून आलेलं खूळ. अहो, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. माझी उडी त्यांच्याएवढी नाही. मी चर्चही सोडलेलं नाही. रविवारी तिथेच असतो, आता मागच्या बाकावर. पोटासाठी गणिताच्या शिकवण्या घेतो.

मंगळवारी सकाळी आम्ही पाच जण बसतो, अंबडच्या कारखान्यांची पहिली पाळी सुरू व्हायच्या आत. चहा, मार्कातला एक उतारा, मग प्रत्येकाने सांगायचं की या आठवड्यात यातलं काय करणार. पुढच्या मंगळवारी पहिला प्रश्न: केलंस का? एवढंच. हे 'केलंस का' फार जड जातं. एकाने भावाशी जमिनीवरून धरलेला अबोला सोडायचं कबूल केलं होतं. चार मंगळवार "नाही" म्हणाला, पाचव्याला आलाच नाही. मलाही विचारतात. बायकोशी तोडून बोलायचं थांबवलं का, या प्रश्नावर मी दोनदा खाली बघितलंय. वेदीवर होतो तेव्हा असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

बायबलमध्ये पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलंय, ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, ती इतरांना शिकवतील. वाचायला सोपं आहे. दोन वर्षांत आमच्याकडे असं काहीच घडलं नव्हतं.

परवा खजिनदार म्हणाले, "साहेब, पुढच्या मंगळवारपासून मी येणार नाही. कंपनीतल्या एका पोराबरोबर बसायला लागलोय. त्याला मंगळवारच जमतो."

त्या पोराला मी अजून पाहिलेलं नाही.