नावाचा अर्थ माणसात उतरतो का?

नावांच्या मुळाशी जाण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे. तो माहीत असलेले लोक हमखास विचारतात, नावाचा अर्थ माणसात उतरतो का हो? माझं उत्तर असं. मला तसं वाटत नाही. नाव ज्याचं असतं त्याच्याविषयी ते क्वचितच काही सांगतं. ज्यांनी ते ठेवलं त्यांच्याविषयी मात्र पुष्कळ सांगतं: त्या घरात तेव्हा कसली आस होती, कसली धास्ती होती.

धास्तीचंच आधी बघा. मंगोलियात नेरगुई नावाची माणसं असतात. नेरगुई म्हणजे 'नाव नसलेला'. एनेबिश म्हणजे 'हा नव्हे', खुनबिश म्हणजे 'माणूस नव्हे'. आधीची मुलं दगावली असली की पुढच्या बाळाला असं नाव द्यायचं. मग त्याला न्यायला आलेली दुष्ट शक्ती फसते आणि आल्या वाटेने परत जाते, अशी त्यामागची श्रद्धा. तुर्की भाषेत दुरसुन असं नाव आहे, अर्थ 'राहू दे'. कोशात तेवढंच लिहिलेलं सापडतं, पण ती आईबापांची विनवणी आहे. मूल जगावं म्हणून ठेवलेली ही नावं मला तेज, कीर्ती, विजय सांगणाऱ्या नावांपेक्षा कितीतरी जवळची वाटतात.

सगळ्याच नावांवर एवढा भार नसतो. घानातले अकान लोक जन्मवारावरून नाव ठेवतात. शुक्रवारचा मुलगा कोफी, मुलगी एफुआ. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ ला जन्मले, तो शुक्रवारच होता. त्यांचं मधलं नाव अट्टा, म्हणजे जुळ्यांतला. नायजेरियातल्या योरुबांकडे जुळ्यांत आधी येणारं मूल तायवो, मागून येणारं केहिंदे. थोरलेपणाचा मान मात्र केहिंदेचा, कारण जग कसं आहे ते बघायला त्यानेच तायवोला पुढे धाडलं असं मानतात. मला ही कल्पना फार आवडते.

आता अर्थ उतरण्याविषयी. क्लॉडिया या नावाच्या मुळाशी 'लंगडा' अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे, सिसिलियाच्या मुळाशी 'आंधळा'. शतकानुशतकं लोक ही नावं हौसेने ठेवत आले आणि कुणाचं काही बिघडलं नाही. प्राचीन रोममधला वक्ता सिसेरो, त्याचं नाव हरभऱ्यावरून आलेलं. राजकारणात उतरताना मित्रांनी त्याला ते बदलायला सुचवलं, तेव्हा हेच नाव मी मोठं करून दाखवीन असं तो म्हणाला, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलंय. आज सिसेरो म्हटलं की वक्तृत्व आठवतं, हरभरा कुणाला आठवतो?

एका ठिकाणी मात्र माझं उत्तर डळमळतं. चिनी भाषेत मुलींचं एक जुनं नाव आहे, झाओदी. अर्थ 'धाकट्या भावाला बोलावून आण'. तुर्कस्तानात मुलीचं नाव येतेर ठेवायचे, म्हणजे 'पुरे', आता आणखी मुली नकोत. हीदेखील ठेवणाऱ्यांचीच इच्छा, पण ती त्या मुलीला दिवसातून दहादा हाक होऊन ऐकू येते. अर्थ स्वभावात उतरत नसेल, मनाला लागतो हे नक्की. दुष्ट शक्तीला फसवणारं नाव त्या बाळासाठीच असतं. हे मुलीच्या नावावर खपवलेलं दुसऱ्याच कुणासाठीचं मागणं आहे, आणि ते मला कुठल्याही परंपरेच्या नावाखाली पटत नाही.

म्हणून नव्या बाळासाठी नाव विचारायला कुणी आलं की 'बुद्धिमान', 'तेजस्वी' अशा अर्थांच्या याद्या मी देत नाही. त्यांनाच विचारते, हेच नाव का मनात आलं? बहुतेकांकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. मग ते लिहून ठेवा म्हणते, कारण मूल मोठं झालं की विचारणारच.