कराड-चिपळूण मीटरगेज, फक्त माझ्या कॉम्प्युटरवर

गेली दोन वर्षं मी एक रेल्वे लाईन बांधतोय. बायको म्हणते एवढ्या वेळात खरीच झाली असती, पण ते काही खरं नाही, कारण खरी कराड-चिपळूण लाईन कागदावर कधीपासून आहे आणि अजून कागदावरच आहे. माझी निदान घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपर्यंत धावते.

तर झालं असं की माझं आजोळ चिपळूण आणि आम्ही राहायचो कराडला. दर मे महिन्यात लाल डब्यातून कुंभार्ली घाट. घाट सुरू झाला की आई पिशवीतून लिंबू काढायची आणि पहिल्या चार वळणांत माझं व्हायचं ते व्हायचंच. तेव्हा एकदा विचारलं होतं, की इथून गाडी का नाही जात, झुकझुकवाली. बाबा म्हणाले, घाट आहे ना. हे उत्तर तेव्हा पटलं नव्हतं आणि लॉकडाऊनमध्ये ओपन रेल्स हातात आलं तेव्हा डोक्यात पहिली हीच लाईन आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओपन रेल्स हा फुकटातला ट्रेन सिम्युलेटर, २००१ साली मायक्रोसॉफ्टचा जो ट्रेन सिम्युलेटर आला होता त्याचे रूट आणि गाड्या यात चालतात. आणि रूट बांधायला टीएसआरई नावाचा एडिटर आहे, तो शिकताना मी दोनदा सगळं सोडून दिलं होतं हे आधीच सांगून टाकतो.

मी ठरवलं होतं की गोष्ट खोटी पण जमीन खरी. म्हणजे उंचसखलपणा खरा घ्यायचा. नासाच्या शटलने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली होती, तो डेटा कुणालाही डाऊनलोड करता येतो आणि एडिटर तो वाचतो. दोन-दोन किलोमीटरचे चौकोन एकेक करून भरायचे. पहिल्यांदा सह्याद्री स्क्रीनवर उभा राहिला तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठलो. आणि मग जवळ जाऊन बघितलं तर कोयना नदी एका ठिकाणी डोंगर चढत होती. कारण डेटात दर तीस मीटरवर एकच आकडा असतो, अरुंद दरी असली की काठाची उंची पाण्यात मिसळते. नदी हाताने सपाट करायला मला पूर्ण दिवाळीची सुट्टी लागली.

आता खोटी गोष्ट काय ते सांगतो. पुणे-मिरज-लोंढा ही लाईन १८९० च्या सुमाराला झाली ती मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची, सदर्न मराठा रेल्वेची. आणि तेव्हा चिपळूणचं गोवळकोट बंदर चालू होतं, मुंबईहून गलबतं दाभोळच्या खाडीतून आत यायची आणि तिथून माल बैलांवर कुंभार्ली घाटाने वर देशावर जायचा. वरून गूळ, मिरची, शेंगा, कापूस खाली, आणि खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर. म्हणजे माल होता, वाट होती, जवळ मीटरगेज होती. मग माझ्या गोष्टीत कुणीतरी म्हणालं की कराडवरून एक फाटा काढू. बास, एवढंच खोटं, बाकी सगळं त्यातून आपोआप यायला पाहिजे असं मी ठरवलं.

आणि इथे आमचे काका आले. आमच्या सोसायटीत राहतात, मिरज भागात मीटरगेजवर स्टेशन मास्तर होते, आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी उत्साहात त्यांना लॅपटॉप दाखवायला गेलो. तेव्हा माझ्या रूटवर कराड ते पाटण सात स्टेशनं होती आणि प्रत्येकात चार-चार लाईनी, कारण यार्ड घालायला मजा येते हो. काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "इथे कोण उतरतं?" मी म्हटलं, गावातली माणसं. "मग चार लाईन कशाला? माल काय येतो?" मला काही सांगता येईना. "बरं, ही दुसरी लूप का?" लूप म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची बाजूची लाईन. मी गप्प. असं सात स्टेशनांचं झालं. घरी येऊन मी तीन स्टेशनं उडवली आणि उरलेल्यांतली बहुतेक साईडिंग, म्हणजे माल भरायच्या बाजूच्या लाईनी, उपटून काढली. त्या रात्री जरा वाईटच वाटलं, पण दुसऱ्या दिवशी गाडी चालवली आणि पहिल्यांदा ती लाईन खरी वाटली. मधे नुसतं ऊस आणि गुऱ्हाळाचा धूर, पाच-सहा किलोमीटर काहीच नाही, मग एकच फलाट, एकच कौलारू खोली, बाहेर एक बैलगाडी.

कराडचंच उदाहरण घ्या. कराडचं स्टेशन मुळात कराडात नाहीच, ते कृष्णेच्या पलीकडे ओगलेवाडीला. म्हणजे लाईन पश्चिमेला न्यायची तर पहिल्याच पावलाला कृष्णा ओलांडायला लागते. मी सुरुवातीला आळस करून स्टेशनच उचलून नदीच्या अलीकडे आणून ठेवलं होतं, काका म्हणाले ही चोरी आहे. मग पूल बांधला, दगडी खांब आणि वर लोखंडी गर्डर, आणि तो कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाच्या वरच्या अंगाला, म्हणजे एकच नदी ओलांडायची आणि मग कोयनेच्या उत्तर काठाने सरळ पाटणपर्यंत. आणि ओगलेवाडीत काचेचा कारखाना होता १९१६ पासूनचा, प्रभाकर कंदील तिथलेच, तर त्याला एक साईडिंग दिली, कारण तिथे काकांच्या "का" ला माझ्याकडे उत्तर होतं. वाळू आणि कोळसा आत, पेंढ्यात भरलेले कंदील बाहेर.

पाटण ते हेळवाक पण सोपं. कोयना महाबळेश्वरहून दक्षिणेला येते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते, आपण तिच्या उलट चढत जायचं. खरी मारामारी त्याच्यापुढे.

घाट! बाबांचं उत्तर शेवटी मला आकड्यात कळलं. माझ्या टेरेनवर, म्हणजे त्या नासाच्या डेटातून केलेल्या जमिनीवर, घाटमाथा आणि पायथा यांच्यात साधारण साडेपाचशे मीटरचा फरक येतो. रस्ता वळणं घेत घेत उतरतो, पण रेल्वेला तसं जमत नाही. १०० ला १ असा साधा चढ, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर एक मीटर वर, ठेवला तर ५५ किलोमीटर लाईन लागते, आणि सरळ रेषेत अंतर आहे पाच-सहा किलोमीटर. भोर घाटात इंग्रजांनी ३७ ला १ ठेवला होता, तसं केलं तरी वीस किलोमीटर कुठेतरी डोंगराच्या अंगावर लपेटायला पाहिजेत. कोकण रेल्वेने चढ १५० ला १ च्या वर जाऊ दिला नाही, पण ती डोंगराच्या पायथ्यातून बोगदे मारत गेली, तिला सह्याद्री चढायचा नव्हता. मी शेवटी ४० ला १ वर आलो, म्हणजे २२ किलोमीटर.

ते २२ किलोमीटर बसवायला मला आठ महिने लागले. तीन वेळा पूर्ण लाईन टाकली आणि तीन वेळा उपटली. पहिल्या वेळी खाली पोचलो तर मी जमिनीच्या ऐंशी मीटर वर हवेत होतो. दुसऱ्या वेळी वळणं इतकी तीव्र झाली की डबे एकमेकांच्या आत घुसायला लागले. रेल्वेवाले वळण डिग्रीत मोजतात, १७५० ला डिग्रीने भागलं की मीटरमध्ये त्रिज्या, आणि मीटरगेजवर १६ डिग्रीपर्यंत जाता येतं म्हणजे साधारण ११० मीटर, मी ते ऐंशीवर नेलं होतं. शिवाय वळणावर गाडीला जास्त ओढ लागते म्हणून तिथे चढ थोडा कमी करावा लागतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणजे काकांनी सांगितलं होतं पण मी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी सगळं जमत होतं आणि तेव्हा टीडीबी फाईल बिघडली. ज्यांनी या प्रकारात रूट बांधलाय त्यांना नुसतं टीडीबी म्हटलं तरी घाम फुटेल, या फाईलमध्ये सगळे रूळ एकमेकांना कसे जोडलेत ते असतं आणि ती गेली की डोळ्यांना रूळ दिसतात पण गाडीच्या लेखी ते नाहीतच. बॅकअप अकरा दिवस जुना. मी पंधरा दिवस तो फोल्डर उघडलाच नाही.

चौथ्यांदा मी भोर घाटाचीच युक्ती उचलली. खंडाळ्याजवळ पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी एका कड्याच्या टोकावर जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा उतार धरायची, १९२९ पर्यंत तसंच चालायचं. मला तसा एक डोंगराच्या सोंडेचा सपाट तुकडा मिळाला, मधोमध. तिथे स्टेशन केलं आणि नाव दिलं जांभूळघळ. नाव माझं, गाव नाही तिथे. घाटमाथ्याच्या स्टेशनचं नाव कुंभारखिंड. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची, ती मात्र टेरेनमधून मोजून लिहिली, तिथे खोटेपणा नाही.

जांभूळघळ बघून काका खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "कॅच साईडिंग कुठंय?" मी म्हटलं, ती काय असते. "अरे, उतारावर ब्रेक गेला तर तुझी गाडी थेट पोफळीला चहा प्यायला जाईल." मग समजावलं, की घाटात जागोजागी एक लाईन डोंगराच्या अंगाला चढावर काढून ठेवलेली असते आणि रूळ बदलणारा काटा नेहमी तिच्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या प्रत्येक गाडीने आधी थांबायचं, शिट्टी द्यायची, म्हणजे पॉइंट्समनला कळतं की गाडी ताब्यात आहे, मगच तो काटा मेन लाईनला फिरवतो. नाही थांबली तर गाडी त्या चढावर जाऊन आपोआप अडकते. मी तशा तीन घातल्या. आणि मग एका रात्री मुद्दाम व्हॅक्यूम ब्रेक सोडून गाडी पळवली, कॅच साईडिंगवर चढली, हळू झाली, थांबली. इतका आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत प्रमोशनचाही झाला नाही.

चढाची परीक्षा वेगळी. वायजी, म्हणजे मीटरगेजचं मालगाडीचं वाफेचं इंजिन, सहा डबे, पोफळीहून वर. कोरड्या हवेत कसंबसं चढलं. पाऊस लावला आणि तिसऱ्या किलोमीटरला चाकं जागच्या जागी फिरायला लागली, वाळू टाकली तरी नाही, गाडी उभी. मग मागून दुसरं इंजिन लावायला लागलं. आणि मागे ढकलणारं इंजिन आलं की त्याला राहायला पोफळीत छोटी शेड, कोळसा, राखेचा खड्डा, ड्रायव्हर-फायरमनना खोल्या. बघा, इथे चार लाईनींचं यार्ड झालं आणि कुणी "का" विचारलं नाही.

दिसण्याबद्दल थोडंसं. तयार मिळणारी झाडं आणि घरं सगळी परदेशी, सुरुवातीला माझ्या कोयनाकाठी पाईनची झाडं होती आणि एक चर्च. मग ब्लेंडर नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकून कौलारू घर, जांभ्याचे गडगे, फणस, पोफळी असं एकेक केलं. देशावर काळा दगड आणि पत्रा, घाट उतरलं की लाल जांभा आणि कौल, हा बदल खिडकीतून दिसायला पाहिजे यासाठी मी जीव काढलाय. आणि फाटकाच्या आधीची ती "सी/फा" ची पिवळी पाटी, सीटी द्या फाटक आहे, ती प्रत्येक फाटकाला आहे.

काळ मी १९६६ चा धरलाय. वाफेची इंजिनं अजून आहेत, कोयना धरण झालेलं आहे, कोयनानगरला धरणाच्या कामावेळचं सिमेंटचं साईडिंग आता रिकामं गवतात पडलंय. तिथली घरं बसवताना मात्र हात जड होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे भूकंप झाला. आमच्या आजीला ती पहाट लख्ख आठवायची. म्हणून मी ६६ च्या पुढे जात नाही, माझ्या सिम्युलेटरमध्ये कॅलेंडर तिथेच अडकलंय आणि क्वार्टरच्या दारात रांगोळ्या आहेत.

चिपळूण अजून व्हायचंय. जुलै २०२१ मध्ये मामाच्या घरात पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ती रेघ मी भिंतीवर बघितलीय, त्यामुळे वाशिष्ठीकाठचा भराव मी जरा जास्तच उंच घेतलाय. १८९० च्या इंजिनिअरला हे कुठून कळलं असं कुणी विचारू नये.

पूर्ण झाली की गाडीला कराड ते चिपळूण साडेपाच तास लागतील असा हिशोब आहे. मामा म्हणाला एसटी तीन तासांत आणते, तुझ्या गाडीत कोण बसणार. मी म्हटलं, ज्यांना घाट लागतो ते.

मागच्या रविवारी काकांना पहिल्यांदा गाडी चालवायला दिली, कराड ते पाटण. माऊस त्यांना जमत नाही, म्हणून ते सांगणार आणि मी करणार. त्यांनी प्रत्येक सिग्नल मोठ्याने म्हटला, प्रत्येक "सी/फा" ला "शिट्टी!" म्हणून ओरडले, काकूंनी आतून येऊन टीव्हीचा आवाज वाढवला. पाटणला गाडी फलाटावर बरोबर थांबवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते इंजिनाकडे बघत होते.

"पाणी कुठे भरतोस?"

टाकी ठेवायची राहूनच गेली होती. अख्ख्या लाईनवर, कराड सोडलं तर, एकही पाण्याची टाकी नाही. उद्या रात्री बसवतो.