तुम्ही विचारलंत म्हणून: दगडात भोक पाडायला कॉम्प्युटर कशाला?

खोल भोक पाडताना खाली काय होतं ते कॉम्प्युटरवर गणिताने करून बघायचं (सिम्युलेशन), हे माझं काम. ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मामांनी तो सगळ्यांत सरळ विचारला होता: "आमचा बोअरवाला एका रात्रीत दोनशे फूट जातो. तुला भोक पाडायला कॉम्प्युटर कशाला लागतो रे?"

प्रश्न रास्त आहे. दोनशे फुटांना रॉड ताठ राहतात आणि खालचा हॅमर हवेच्या दाबावर दगड ठोकत जातो. पण कोयनेजवळ गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये पुरं झालेलं भोक ३०१४ मीटर खोल आहे. १२४७ मीटर बसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइटसारखा कठीण खडक. इतका लांब पाइप वरून फिरवायचा म्हटला की पोलादाची काठी राहत नाही, दोरी होते. पाच इंची पाइप केसाइतका बारीक झाला असं समजा, तर त्याची लांबी माणसाच्या उंचीएवढी भरेल. त्या केसाचं वरचं टोक फिरवून खालच्या टोकाने दगड कापायचा आहे.

खाली बिट, म्हणजे पाइपच्या टोकाचं दगड कापणारं पात्यांचं अवजार, अडकलं तरी वरची मोटर फिरतच असते. पिळण्याचा जोर (टॉर्क) १० किलोन्यूटन-मीटर होईपर्यंत तीन किलोमीटर पाइपला पाच पूर्ण वेढ्यांचा पीळ बसलेला असतो. झोपाळ्याच्या दोऱ्यांना पीळ देऊन पोराला सोडलं की ते कसं गरगरतं, तसंच बिट सुटतं. वर मिनिटाला १२० फेरे चाललेले असताना खाली अडीचशेच्या पुढे जातं आणि पुन्हा थबकतं. ही खबर पोलादातून वर यायला जवळजवळ एक सेकंद लागतो. वरच्या माणसाला टॉर्कचा काटा हेलकावताना दिसतो, एवढंच.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. पाच पात्यांचं बिट तासाला १२ मीटर उतरत असेल, तर एका पात्याच्या वाट्याला मिलिमीटरचा एक तृतीयांश थर येतो. पण हा थर कोरा नसतो. पुढच्या पात्याने सेकंदाच्या दहाव्या हिश्शापूर्वी जसा खडबडीत तळ सोडला, तसाच मागच्याला मिळतो. बिट जरा उसळलं की त्याची खूण दगडात राहते आणि मागून येणाऱ्या पात्याला पुन्हा धक्का देते. म्हणून आमच्या समीकरणांत 'आत्ता'बरोबर 'मघाशी'ही धरावं लागतं, आणि बिट थबकलं की ते 'मघाशी'ही लांबतं. ही आठवण गाळून केलेल्या सिम्युलेशनवर माझा विश्वास बसत नाही. पाइपचं गणित आम्हाला नीट येतं. कच्चा भाग दगडाचा आहे. घर्षण किती धरायचं हे अजूनही मोजमापांशी ताडून ठरवावं लागतं.

हे थबकणं-सुटणं थांबवायचे उपाय मात्र इथेच, कॉम्प्युटरवर, आधी करून बघता येतात. बिटावरचा भार कमी करायचा, फेरे वाढवायचे, किंवा वरची मोटर थोडी सैल ठेवायची, म्हणजे खालून आलेली पिळाची लाट तिथे आपटून परत न जाता जिरते. खरं बिट बिघडलं तर तीन किलोमीटर पाइप एकेक जोडणी सोडत वर काढावा लागतो. त्यात दिवस जातो.

मामांना मी बिटाच्या वेगाचा आलेख दाखवला. बराच वेळ शून्यावर सपाट रेघ, मग उंच सुळका, पुन्हा सपाट. सपाट रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले, "इथे काम बंद आहे का?"

"नाही मामा," मी म्हटलं, "इथे पीळ साठतोय."