नळ्यांची सोनोग्राफी: डावी बाजू आधी दिसलीच नाही

दिवस राहत नव्हते. नवऱ्याची वीर्यतपासणी, माझे हार्मोन्स, सगळं नॉर्मल आलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, ‘‘आता नळ्या, म्हणजे बीजवाहिन्या, उघड्या आहेत का ते बघूया.’’ (वीर्यतपासणी आधी झालेली असावी, हे माझं ठाम मत. ती किती सोपी असते!) एचएसजी, म्हणजे औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे काढणं, फार दुखते असं मी ऐकून होते. मला त्यांनी सोनोग्राफीवरची तपासणी सुचवली, तिला हायकोसी म्हणतात. यात एक्स-रे नाही, आयोडीनचं औषध नाही, आणि त्याच बैठकीत गर्भाशय आणि अंडाशयही पाहून होतात.

साध्या सोनोग्राफीत निरोगी बीजवाहिनी सहसा दिसत नाही. लांबी दहा-बारा सेंटिमीटर, पण गर्भाशयाला जोडलेल्या टोकाशी आतली वाट जेमतेम एक मिलिमीटरची. म्हणून बुडबुडे असलेलं द्रव किंवा फेसाळ जेल आत सोडतात. बुडबुड्यांवरून ध्वनिलहरी परततात आणि ते जिथून जातं ती वाट पडद्यावर पांढरी चमकते.

तपासणी रक्तस्राव थांबल्यानंतर आणि बीज सुटण्याआधी करतात, साधारण पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसात. पाळी आल्यापासून तपासणीपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत, कारण गर्भ राहिलेला नाही याची खात्री हवी. इन्फेक्शन नाही ना, तेही आधी पाहिलं. दुखण्याची गोळी तासभर आधी घ्यायला सांगितली होती. ती घ्याच.

टेबलावर पाय वर घेऊन झोपले. योनीमार्ग उघडा ठेवणारं स्पेक्युलम, मग गर्भाशयाच्या तोंडातून एक बारीक नळी. ती सरकू नये म्हणून टोकाचा चिमुकला फुगा फुगवला, तेव्हा ओटीपोटात पाळीच्या पहिल्या दिवसासारखी जोराची कळ आली. मग स्पेक्युलम काढून योनीमार्गातून सोनोग्राफीचा प्रोब आत घेतला आणि पडदा माझ्याकडे वळवला. उजवीकडे पांढरी रेघ हळूहळू पुढे सरकली आणि अंडाशयाजवळ जाऊन सांडली. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘ही उघडी आहे.’’

डावीकडे काहीच नाही. कोपऱ्याशी येऊन पांढरं थांबलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरांनी हात थांबवला. ‘‘लगेच बंद म्हणायचं नाही. दुखलं की नळीच्या तोंडाशी स्नायू आवळतात आणि नळी बंद असल्यासारखी दिसते.’’ आम्ही काही मिनिटं थांबलो. नर्सताईंनी माझा हात धरून श्वास सावकाश सोडायला लावला. मग अगदी हळू दाबाने पुन्हा जेल सोडलं आणि डावीकडेही एक बारीक रेघ पुढे सरकली. ती थांबण्याची काही मिनिटं मिळाली नसती तर माझ्या रिपोर्टवर ‘डावी नळी बंद’ आलं असतं. म्हणून तपासणीआधीच विचारा: नळी दिसली नाही तर थांबून परत बघाल ना? तरीही नाहीच दिसली, तर लॅपरोस्कोपीत (पोटाला छोटा छेद देऊन दुर्बिणीने बघतात ती) निळा रंग सोडून खात्री करता येते.

उठताना चक्कर आली, थोडा वेळ पडून राहिले. दिवसभर किरकोळ डाग आणि पोटात ओढ होती. ताप, वाढतं दुखणं किंवा घाण वासाचा स्राव झाला तर लगेच कळवा असं बजावलं होतं, तसं काही झालं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, ती मला महत्त्वाची वाटते. नळी उघडी असणं म्हणजे ती नीट काम करते असं नाही. आतले सूक्ष्म केस बीज पुढे ढकलतात, ते कसे आहेत हे या तपासणीत कळत नाही, आणि बाहेरून चिकटलेल्या जागाही निसटू शकतात. नळीत पाणी साठून ती फुगलेली असेल तर आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) यश घटतं, त्यामुळे आधी तिचा इलाज करावा लागतो. माझ्या बाबतीत तसं काही दिसलं नाही. पुढच्या पाळीपासून फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीज कसं वाढतंय ते सोनोग्राफीने बघणं, सुरू करायची ठरली आहे.