दुधाची बाटली

मी ऑक्युपेशनल थेरपी शिकते, म्हणजे आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमवून द्यायला. प्लेसमेंटचा, म्हणजे रुग्णालयातल्या सरावाचा, सहावा आठवडा. पक्षाघातातून उठलेल्या एका बाईंनी वॉर्डाच्या स्वयंपाकघरात चहा करायचा आणि मी लांबून बघायचं. किटली उचलायला धावायचं नाही, हेच मला जड जातं.

बाईंनी पाणी उकळलं, टीबॅग बुडवली, साखर घातली. दुधाच्या बाटलीला हातच लावला नाही. बाटली डावीकडे होती. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला. मी खुशीत लिहिलं: नेग्लेक्ट. म्हणजे डोळे धड असतात, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही.

"तुला असं का वाटलं?" माझ्या एज्युकेटरने, म्हणजे वॉर्डात मला शिकवणाऱ्या थेरपिस्टने, विचारलं.

हिचं हे 'का' सकाळी आठला सुरू होतं. रुग्णाला खुर्चीत बसवलं, का? उजव्या बाजूला उभी राहिलीस, का? घरी जाऊन कांदा चिरतानाही ते कानात वाजतं. गोव्यात फोंड्याला आमच्या मास्तरांनी इतकं कधी उकरलं नाही. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न. त्याच शिकवणीवर मी इथवर आले, हेही सांगून ठेवते.

"साखरही डावीकडेच होती. ती कशी सापडली?"

मी गप्प.

"दुधाचं त्यांना विचारलंस?"

विचारलं. बाई तरुणपणापासून काळा चहा पितात.

1994 साली मॅटिंग्ली आणि फ्लेमिंग या दोघी अभ्यासकांनी थेरपिस्टच्या विचाराचे पदर उलगडून दाखवले: आजाराचा विचार, समोरच्या माणसाशी बोलून कळणारा, आणि हा माणूस पुढे जगणार कसा, याचा. परीक्षेत तिन्ही घडाघडा लिहिले होते. स्वयंपाकघरात पहिल्यातच अडकले. पदवीला किमान 1000 तास प्लेसमेंट का लागते, ते कळलं.

आता आपली बाजू. या बाई घरी एकट्या राहणार, म्हणून चहाची परीक्षा. आपल्याकडे घरात माणसं असतात, परीक्षा कशाला? आजीचा उजवा हात गेला तेव्हा आम्ही तिला चुलीकडे फिरकूही दिलं नाही. मायेनेच. गणेशचवथीला ती नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कडा मुरडायला मागायची. आम्ही "तू बस गो" म्हणायचो. डावा हात तर चांगला होता तिचा.

रात्री आईला फोन केला. यंदा चार नेवऱ्या आजीला दे, म्हटलं.

"आणि तेलांत फुटल्यो जाल्यार?" आई म्हणाली.